मारुंजी–चाकण–मारुंजी

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

टोकन साडेबाराला मिळालं, गाडी हातात आली पावणेपाचला. शोरूममध्ये उभं राहायला जागा नव्हती. एकेका टेबलाला तीन-तीन कुटुंबं, पोरांच्या हातात पेढे, फरशीभर झेंडूच्या पाकळ्या. गर्दीचं कारण उघड आहे. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून कर कमी करण्याची घोषणा झाली, तेव्हापासून कंपनीत आमच्या लाइनवर गाडी घेणारे सगळे हात आखडून बसले होते. सप्टेंबरच्या ३ तारखेला कौन्सिलनं ठरवलं आणि २२ तारखेपासून, म्हणजे घटस्थापनेपासून, साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. थांबलेले सगळे आज एकदम उगवले. मीही त्यातलाच.

पल्सर १५०, काळी. आईनं हळदकुंकू लावलं, मुलीनं हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवला. नारळ फोडायला बाहेर एक दगड होता आणि त्याला रांग होती. नारळालाही रांग!

गाडी समजावून देणारा पोरगा वीस-बावीसचा असेल. सकाळपासून तेच तेच बोलून आवाज बसलेला. “काका, पंचावन्नच्या वर नको. आणि एकच स्पीड धरून पण नको, कमीजास्त करत चालवा. पाचशे झाले की सर्व्हिसिंगला आणा, साडेसातशेच्या आत.” नवे टायर पहिले शे-सव्वाशे किलोमीटर घसरतात, हेही त्यानंच सांगितलं. साच्यातून निघाल्याचा गुळगुळीतपणा रबरावर असतो, तो रस्त्यावर घासूनच जातो.

टाकीत पंपापर्यंत पोचण्यापुरतं पेट्रोल. भूमकर चौकातून लक्ष्मी चौकाकडे येताना पंचावन्न राहिलं बाजूला, पंधराच्या वर काटा गेला नाही. पोरगा उगाच घसा फोडत होता.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. पहिली पाळी.

निघालो ५.३५. पोचलो ६.५०. सत्तावीस किलोमीटर.
पेट्रोल ५००. चहा १५. हँडलवर मोबाइल लावायचं स्टँड ३५०, घासाघीस करून ३००.
पुनावळ्याच्या भुयारी मार्गात उभा: बावीस मिनिटं.
येताना पावणेदोन तास. पाठ.

४ ऑक्टोबर, शनिवार.

कंपनीची बस सोडून गाडी का घेतली, असं आज दोघांनी विचारलं. बस पावणेपाचला भूमकर चौकात येते. मारुंजीहून तिथं पोचायला सव्वाचारला उठून निघावं लागतं, रिक्षा मिळाली तर. मारुंजी अजून ग्रामपंचायत आहे, पण इमारती वीस-वीस मजली. रस्ता मात्र बैलगाडीच्या मापाचा, आणि त्यावर पाण्याचे टँकर, रेडीमिक्सचे ट्रक नि आम्ही.

टँकर गळतात, त्या पाण्यानं धुळीचा राडा होतो. नवी गाडी संध्याकाळपर्यंत मातकट. पुसली. पुन्हा धूळ. पेट्रोल नाही. चहा १५. पाठ.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागरी.

आज थोडं सविस्तर, कारण डोक्यात बसलंय.

तळवडे ओलांडून नदीपलीकडे म्हाळुंग्याला लागलं की बजाजचा कारखाना येतो. माझी गाडी तिथलीच. या कारखान्यात १९९९ पासून उत्पादन आहे, आणि पल्सर बाजारात आली नोव्हेंबर २००१ मध्ये. तोपर्यंत आपल्याकडे मोटारसायकल विकायची ती अ‍ॅव्हरेजच्या आकड्यावर. त्यानंतर पोरं पिकअपवर बोलायला लागली. आजूबाजूला मर्सिडीज, निघोज्यात महिंद्र आणि फोक्सवॅगन, आणि या सगळ्यांना सुटे भाग देणाऱ्या आमच्यासारख्या लहान-मोठ्या शेडी. मी स्वतः मशिनिंगच्या क्वालिटीत आहे. दिवसभर मायक्रॉन मोजतो. मिलीमीटरचा हजारावा भाग इकडचा तिकडे झाला की माल रिजेक्ट.

आणि गेटच्या बाहेर आलं की रस्त्यात फूटभर खोल खड्डा. तो कोणी मोजत नाही. आज त्या गेटसमोर मोटारी वाहणारा एक लांबलचक ट्रेलर वळता वळता अडकला. त्याच्यावर कोऱ्या गाड्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, आणि खाली जुन्या-नव्या दुचाक्यांवर आम्ही दीडशे-दोनशे माणसं, पाय टेकून. पाऊण तास. देशभर गाड्या पुरवणाऱ्या पट्ट्यात गाडी चालवायला जागा नाही, हे गाडी घेतल्यावर जास्त टोचतं. बसमध्ये निदान झोप लागायची.

घरी आलो तेव्हा दूध आटवून झालं होतं. प्यालो, चंद्र न बघता झोपलो.

८ ऑक्टोबर, बुधवार.

पेट्रोल ५००. चहा १५. वडापाव २०. पुनावळे वीस मिनिटं. पाठ. धूळ.

९ ऑक्टोबर, गुरुवार. सुट्टी.

आमची सुट्टी गुरुवारी. आईचा आग्रह, गाडी आधी देहूला न्यायची. तिचे गुडघे धड नाहीत, म्हणून एकटाच निघालो.

भक्ती-शक्ती चौकात एका म्हाताऱ्या माणसानं हात केला. पांढरा सदरा, टोपी, हातात पिशवी. “देहूपर्यंत सोडता का?” बसताना त्यांनी माझ्या खांद्याला धरलं, पाय टाकायला दोनदा प्रयत्न केला आणि बसल्यावर पहिला प्रश्न: “केवढ्याला पडली?” सांगितलं. “हं,” एवढंच म्हणाले.

मग कळलं, बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यात टूलरूमला फिटर होते. म्हणजे चेतकचा काळ. चेतक १९७२ ला आली, आणि तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे हे मी ऐकून होतो. यांनी स्वतः लावला होता. “त्र्याहत्तरला लावला, ब्याऐंशीला लागला.” मग किती वर्षं चालवली, असं विचारलं. “चालवतोय कसली? ऑननं विकली. कागद हातात आला त्याच आठवड्यात. बहिणीचं लग्न होतं.” ऑन म्हणजे वरचे पैसे. तेव्हा कारखान्याच्या किमतीपेक्षा बाजारातला भाव चढा असायचा, नंबर लागलेल्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नसे.

“मग तुम्ही कशावर जायचात?”

“लूना. दिवसभर चेतकची कामं करायची आणि संध्याकाळी लूनावर घरी. गेटवरचा वॉचमन रोज हसायचा. पण लूनाला पायडल होतं बघा. पेट्रोल संपलं तरी माणूस घरी पोचायचा. तुमची संपली तर ढकलाल?”

दीडशे किलोच्या आसपास वजन आहे. ढकलणार नाही.

आकुर्डीतलं दुचाकीचं काम २००७ मध्ये थांबलं, आणि २०२२ पासून त्याच आवारात विजेवर चालणारी चेतक बनते. बघितलीत का, असं विचारल्यावर म्हणाले, “नातवानं घेतलीय. आवाजच करत नाही. मागून येते नि मी दचकतो.” जुन्या दिवसांची हळहळ वगैरे या माणसात औषधालाही नव्हती. पेन्शन किती कमी येते, यावर मात्र देहू येईपर्यंत बोलत होते. गाथा मंदिराच्या अलीकडे उतरले, टाकीवर दोन थापा मारल्या आणि म्हणाले, “ऑइल लवकर बदला. कंपनी सांगते त्याच्या आधी बदललं तरी चालतं.”

इंद्रायणीवर गाडीला हार घातला. पेढे अर्धा किलो. येताना कासारसाईकडून आलो. नेऱ्याच्या पुढं रस्त्याकडेला भात लोंबीला आलाय. या आठवड्यातला एवढा एकच तुकडा गाडी चालवल्यासारखा वाटला.

११ ऑक्टोबर, शनिवार. दुसरी पाळी.

रात्री १.१०. आत्ताच आलो. बारा वाजता सुटलो.

रस्ता मोकळा. संपूर्ण मोकळा! तळवड्यापासून निगडीपर्यंत सिग्नलसुद्धा पिवळे मिचकावत होते. आणि मला पंचावन्नची मर्यादा. शेजारून एक पोरगा स्कूटरवर ऐंशीनं गेला, मागे वळून बघून गेला. मी बसलो पंचेचाळीस, पन्नास, पुन्हा चाळीस करत.

त्रिवेणीनगरला कुत्री. नवी गाडी असली की जास्त लागतात, असा माझा समज होतो आहे.

१२ ऑक्टोबर.

कुत्री. झोप.

१४ ऑक्टोबर, मंगळवार.

पाळीला जाताना म्हाळुंग्याच्या अलीकडे एका हातगाडीवर जेवलो. बाई परभणीकडच्या, नवरा एका कंपनीत कंत्राटी. ज्वारीची भाकरी, पिठलं, लसणाचा ठेचा, कांदा: साठ रुपये. भाकरी तव्यावरून थेट ताटात. शेजारी झारखंडची चार पोरं बसली होती. त्यांना आधी भात लागायचा, आता तीही भाकरी मागतात, असं बाई कौतुकानं सांगत होत्या. एक पोरगा ठेचा खाऊन घामाघूम झाला आणि आणखी मागितला. मी दुसरी भाकरी घेतली. पाळीभर सुस्ती. सुपरवायझरनं दोनदा बघितलं. बघू दे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार. पहिलं सर्व्हिसिंग.

नऊला नंबर लावला, गाडी दोनला मिळाली. दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांना गाडी चकाचक हवी. मजुरी नाही, ऑइल आणि फिल्टरचे पैसे.

ऑइल काढताना जवळ उभा राहिलो. काळपट, आणि उन्हात धरलं तर त्यात चंदेरी कण. शेजारचे गृहस्थ घाबरले, त्यांना वाटलं इंजिन गेलं. त्यांना समजावून सांगितलं, आमच्या धंद्यातलं असल्यामुळे राहवलं नाही. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर होनिंग करताना मुद्दाम बारीक तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा ठेवतात. त्यात ऑइल धरून राहतं. त्या रेघांची वरची टोकं सुरुवातीला धारदार असतात. पिस्टनच्या रिंगा त्यांच्यावर घासतात, टोकं झिजतात आणि रिंग भिंतीला नीट बसते. तो झिजलेला चुरा पहिल्या ऑइलमध्ये येतो. म्हणून ते लवकर बदलायचं, आणि म्हणूनच पहिले काही शे किलोमीटर इंजिनाला ताणायचं नाही. एकच वेग धरून ठेवला तर रिंगांवर एकाच तऱ्हेचा दाब पडत राहतो, सगळीकडे सारख्या बसत नाहीत. गृहस्थ म्हणाले, “मग हे शोरूममध्ये का नाही सांगत?” सांगतात. दसऱ्याच्या गोंगाटात ऐकणार कोण?

देहूचे बाबा बरोबर बोलत होते, एवढं नोंदवून ठेवतो.

मेकॅनिक म्हणाला, आता साठ-पासष्टपर्यंत न्या, हजार होईपर्यंत जरा दमानं. उद्यापासून पुन्हा पहिली पाळी. साठ कुठं न्यायचे?

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी.

पुनावळे. कंटेनर. तीच जागा.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा.

हिनं मला ओवाळलं आणि मग गाडीलाही. गाडीला आधी ओवाळणार होती, आईनं अडवलं.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये आज नव्या गाड्याच गाड्या. सगळ्यांना तोच हार, तीच काळी बाहुली. माझी आता त्यांच्यात ओळखू येत नाही, मडगार्डवर ओरखडा आहे त्यावरून ओळखतो.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.

राजगुरुनगरला बहिणीकडे. मागं मुलगी. ही आणि आई एसटीनं. दोघी आमच्या आधी पोचल्या.

चाकणच्या तळेगाव चौकात अडकलो, आंबेठाण चौकात अडकलो. नाशिक महामार्ग नावाला महामार्ग. सणाला गावी निघालेल्या गाड्या, त्यात कंटेनर, त्यात उलट्या बाजूनं येणारे. मुलगी मागून विचारत होती, “बाबा, आपण चालत गेलो असतो तर?” चाकण सुटल्यावर मात्र पहिल्यांदा पाचव्या गिअरमध्ये साठ लागले आणि लागलेलेच राहिले. इंजिनाचा आवाज बदललाय. पहिल्या आठवड्यात तो कोरडा होता, आता एकसारखा, सुखावलेला. हँडलमधली थरथरही कमी वाटते. मुलगी गप्प झाली म्हणून आरशात पाहिलं, तर डोळे मिटून वारा खात होती.

बहिणीनं ओवाळलं. ताटात काय घातलं ते लिहीत नाही, हिशेब घरात वाचला जातो. पुरणपोळी, कटाची आमटी. दोन्ही पोट फुटेस्तोवर.

२७ ऑक्टोबर.

जनरल पाळी. नेहमीसारखं.

३० ऑक्टोबर, गुरुवार.

आज सुट्टी असून गाडी काढली नाही. धुतली, चेनला ऑइल दिलं, ब्रेक तपासले. काटा हजाराच्या पुढं गेलाय.

या वहीच्या पहिल्या पानांवर चहाचे पंधरा रुपये आहेत, पुढं ते नाहीत. चहा चालूच आहे. पाठ दुखायची थांबली की लिहायची थांबली, सांगता येत नाही. पुनावळ्याला मात्र वीस मिनिटं लागतातच.

गाडीबद्दल माझी तक्रार नाही. बस सोडल्यामुळे झोप पाऊण तास जास्त मिळते आणि पाळी सुटल्यावर कोणाची वाट बघावी लागत नाही. पण चाकणला नव्यानं गाडीवर जायला लागणाऱ्यांना दोन गोष्टी सांगून ठेवतो. पहिल्या पाळीला सहाच्या आत तळवडे मागं टाका, सहानंतर तिथं अडकलात की पंचिंग गेलं. आणि येताना कंटेनरच्या डाव्या बाजूनं घुसू नका, वळताना त्याच्या ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. गाडी नवी असो की जुनी.