चित्रलिपि आणि मोडी

प्राचीन इजिप्तवरील मुलांचीं हल्लींचीं पुस्तकें नुसतीं वाचावयाचीं नसतात. तीं हातांनीं उलगडावयाचीं असतात. नातीसाठीं घरांत आलेल्या अशाच एका इंग्रजी पुस्तकांत पिरॅमिडच्या भिंतीला कागदी दार आहे. तें उघडलें कीं आंतलें दफनगृह दिसतें. ममीवरच्या पट्ट्याहि एकेक पदरानें दूर होतात. हें सारें मौजेचें खरेंच. पण माझें मन जडलें तें चित्रलिपीच्या फिरत्या चकतीवर. चकती फिरवून अक्षराशीं चित्र जुळवावयाचें आणि आपलें नांव लंबगोल चौकटींत लिहावयाचें. इजिप्तमध्यें अशी चौकट राजाच्या नांवाभोंवतीं काढीत. १८२२ सालीं शाँपोलियाँ या फ्रेंच पंडितानें ही लिपि उलगडली, तीहि टॉलेमी व क्लिओपात्रा या चौकटींतल्या नांवांचाच धागा धरून.

रमेनें आपलें नांव लिहिलें. 'र'साठीं तोंड, 'म'साठीं घुबड. पण ही लिपि मुळांत स्वर लिहीत नसे. म्हणजे राम काय आणि रमा काय, दोघें सारखींच!

"मग वाचणारा ओळखत कसा असे, आजोबा?"

शब्दाच्या शेवटीं एक मूक चित्र असे, त्यावरून. रामापुढें बसलेला पुरुष, रमेपुढें बसलेली स्त्री. तिनें लगेच ती स्त्री काढली, वेणीसुद्धां घातली.

मोडीचा वाचकहि असाच अदमासानें चालतो. तींत आधीं ओळ आखून अक्षरें तिला टांगतात, लेखणी फारशी उचलीत नाहींत, शब्द तोडीत नाहींत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळीत नाहींत. आमच्या कपाटांत पणजोबांच्या मोडी कागदांचा एक रुमाल आहे. वडील ते सहज वाचीत; त्यांच्यामागें घरांत वाचणारें कोणी उरलें नाहीं. पुण्याच्या पुरालेखागारांत तर असे कागद कोट्यवधि आहेत. पेशवे दप्तरांतून रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत ४५ खंड छापविले, ते निवडक कागदांचेच.

तीन हजार वर्षांपूर्वींच्या राजाचें नांव वाचणारी ही पोर स्वतःच्या खापरपणजोबांचें अक्षर मात्र वाचूं शकत नाहीं, हें मला चमत्कारिक वाटलें. मोडीची तशी चकती मीं अप्पा बळवंत चौकांत पुष्कळ धुंडाळली. तक्ता मिळाला, पुस्तिका मिळाली. चकती मिळाली नाहीं. अखेर तक्त्यावरून आम्हीं दोघांनीं मिठाईच्या पेटीचा पुठ्ठा कातरून ती घरींच केली. रुमालांतल्या एका कागदाची दीड ओळ आतांपर्यंत लागली आहे. कोणीतरी कोणाकडे भाताचा हिशेब मागतो आहे. भात किती, तें पुढच्या ओळींत असावें.