मल्लेश्वरमच्या पायऱ्या आणि आईचा गुडघा

बंगळुरूला जाणाऱ्या मराठी कुटुंबाची यादी ठरलेली असते. लालबाग, कबन पार्क, विधानसौध, जमलं तर म्हैसूरची एक फेरी आणि परतताना साड्यांची खरेदी. मल्लेश्वरम या यादीत सहसा नसतं. आमच्या यादीत ते होतं, कारण माझी धाकटी मावशी लग्न होऊन तिथे गेली ती तिथलीच झाली. शिवाय आईला एक देऊळ पाहायचं होतं. ‘एकोजीराजांचं देऊळ’ असं ती म्हणायची.

मॅजेस्टिकहून मेट्रोने पुढचंच स्टेशन. बाहेर पडलं की गजबजलेला संपिगे रोड लागतो. संपिगे म्हणजे आपला सोनचाफा. त्याला समांतर धावणाऱ्या मार्गोसा रोडच्या नावात कडुनिंब आहे. मल्लेश्वरमची आखणी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातली. 1898 मध्ये बंगळुरूत प्लेगने थैमान घातलं, तेव्हा जुन्या पेठेतली दाटी सोडून लोक इथल्या मोकळ्या हवेत राहायला आले. सरळ रस्ते, त्यांना छेदणारे क्रमांकाचे क्रॉस आणि जुन्या घरांपुढे झाडं. आठव्या क्रॉसवर फुलांचे ढीग आणि भाज्यांच्या टोपल्या पाहून आई म्हणाली, “अगं, हे तर आपलं दादर!” दादरला इतका चाफा नसतो, पण मी काही बोलले नाही.

काडू मल्लेश्वर म्हणजे रानातला मल्लेश्वर. काडू म्हणजे जंगल. आता जंगल नाही, पण देऊळ उंचवट्यावर आहे, पायऱ्या चढून जावं लागतं आणि आवारात नागांचे दगड ओळीने उभे आहेत. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतलं आणि पुढे ही जहागीर शहाजीराजांकडे आली. त्यांचा मुलगा व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, शिवाजीमहाराजांचा सावत्र भाऊ. 1669 च्या शिलालेखात या देवासाठी एकोजीने मेदारनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याची नोंद आहे. एक भाऊ सह्याद्रीत राज्य उभारत होता, तेव्हा दुसरा इथे, पुढे तंजावरला जाण्याआधी, एका रानातल्या शंकराच्या दिवाबत्तीची सोय करत होता. आईला हे सगळं पाठ होतं. वर्गात इतिहास शिकवून ती निवृत्त झाली आहे.

देवळाच्या पायऱ्या ती कठड्याला धरून बऱ्यापैकी चढली. गेली चार वर्षं उजवा गुडघा कुरकुरतो आहे. सकाळी उठल्यावर अर्धा तास तो आखडलेला असतो, मग सैल होतो. घोटाळा झाला तो समोरच्या नंदीतीर्थात. हे पुष्करणीसारखं दगडी तीर्थ बराच काळ मातीखाली गडप झालं होतं, 1997 मध्ये ते पुन्हा उजेडात आलं. नंदीच्या मुखातून पाण्याची धार खाली शिवलिंगावर पडत राहते. पाहायचं तर पायऱ्या उतराव्या लागतात. पायरी रुंद होती, कोरडीही होती. पण आईची नजर नंदीकडे होती आणि पाय अर्धवट टेकला. पडली नाही, पण गुडघा मुरगळला. “काही नाही गं,” म्हणत ती वर आली, पण चेहरा सांगत होता.

चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्याला जड, हे मला नंतर कळलं. पायऱ्या उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार येऊ शकतो, आणि तो सांभाळायचा असतो मांडीच्या पुढच्या स्नायूंनी. ते दुबळे असले की सांध्याला हादरे बसतात.

घरी जाताना कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात थांबलो. दुकानदाराने लंगडणाऱ्या आईकडे पाहून सहानुभूतीने विचारलं, “मंडी नोवा?” आई ठामपणे म्हणाली, “मांडी नव्हे हो, गुडघा!” त्याला कळेना, तिला कळेना. मावशी हसत सुटली. कानडीत मंडी म्हणजेच गुडघा आणि नोवु म्हणजे दुखणं. आम्ही एक क्रेप बँडेज घेऊन बाहेर पडलो.

खरं नाट्य संध्याकाळी रंगलं. मावशीने फ्रीझरमधून एक गारढोण पिशवी काढली. अवरेकाळूचे सोललेले दाणे. आपल्या पावट्याचंच हे भावंड. थंडीत बंगळुरूकर त्याच्यामागे वेडे असतात आणि वर्षभरासाठी साठवतातही. “अक्का, हे लाव. सगळे खेळाडू बर्फच लावतात,” ती म्हणाली. तिच्या या ठामपणाचं मूळ मला माहीत होतं. प्रकाश पदुकोण यांनी मल्लेश्वरमच्याच कॅनरा युनियनच्या हॉलमध्ये बॅडमिंटनचे धडे गिरवले. 1980 मध्ये त्यांनी ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली. त्यामुळे मल्लेश्वरमचा प्रत्येक रहिवासी स्वतःला क्रीडावैद्यकातला अर्धा तज्ज्ञ समजतो.

“बर्फ? सांध्याला? वात धरेल!” आईने पिशवी परत सरकवली. तिच्या माहेरी सांध्याला शेकच द्यायचे. तव्यावर मीठ परतून पुरचुंडी बांधायची, नाहीतर तापलेली वीट फडक्यात गुंडाळायची, निर्गुडीचा पाला वाफवायचा. आजीने आयुष्यभर हेच केलं. दोघी बहिणी अर्धा तास भांडल्या. मी मोठीच्या बाजूने निकाल दिला, कारण ती माझी आई आहे. रबरी पिशवीत जवळजवळ उकळतं पाणी मीच भरलं, वर पातळ पंचा गुंडाळला आणि पिशवी गुडघ्यावर ठेवून झोपायला गेले. काढून घ्यायला मी परत आलेच नाही.

सकाळी गुडघा भोपळ्यासारखा टमटमला होता. त्याहून वाईट दिसलं ते खाली. रात्री पिशवी घसरून घोट्याच्या वर टेकली होती. तिथे लाल चट्टा होता आणि त्यात लिंबाएवढा फोड. “दुखतंय का गं?” मी विचारलं. आई आश्चर्याने फोडाकडे पाहत होती. तिला तो दुखतच नव्हता.

पिशवी मी भरली होती, त्यामुळे त्या दिवशी मला चहाही गेला नाही. मावशीने टूथपेस्ट आणली, ती मी दूर केली. भाजल्याबरोबर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायला हवं होतं. ती वेळ आम्ही झोपेत घालवली होती. फोड न फोडता वर स्वच्छ कोरडी जाळी ठेवली आणि आईला रिक्षात घालून जवळच्या क्रॉसवरच्या फिजिओथेरपिस्टकडे नेलं.

त्या बाई चाळिशीच्या, शांत. त्यांनी आधी गुडघा हाताळून पाहिला आणि मोडतोड नसल्याचा अंदाज सांगितला. मग त्यांची नजर फोडावर गेली. “मधुमेह किती वर्षं?” “अकरा.” त्यांनी आईला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचा बोळा तळपायावर, बोटांवर, घोट्यावर फिरवत “आता लागतंय?” असं विचारत गेल्या. घोट्याच्या खाली आईचं उत्तर बहुतेक वेळा “नाही” असं आलं. घोट्यावर “थोडंसं”. गुडघ्याजवळ “हो, नीट”. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मिटल्या डोळ्यांनी ती प्रामाणिकपणे उत्तरं देत होती आणि आपण काय सांगतो आहोत हे तिला कळत नव्हतं. मधुमेहात नसांची संवेदना आधी तळपायातून जाते आणि हळूहळू मोजा चढवावा तशी वर सरकते. पायात खडा टोचला तरी कळत नाही, आणि गरम पिशवी तर नाहीच नाही.

गुडघ्यासाठी गेलो होतो आणि पाय सापडला. बाईंनी मधुमेहाच्या डॉक्टरांना दाखवायची चिठ्ठी दिली. अनवाणी चालायचं नाही आणि रोज रात्री तळपाय आरशात पाहायचे, असं बजावलं. मग गरम-गारच्या भांडणाचा निकाल लावला, तोही असा की दोघी बहिणी अर्ध्या-अर्ध्या जिंकल्या.

त्यांनी सांगितलं ते साधं होतं. गुडघा नुकताच मुरगळला असेल, सुजला असेल, हाताला गरम लागत असेल तर गार. थंडाव्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, सूज आवरते आणि नसा बधिर होऊन दुखणं कमी जाणवतं. पहिले दोन-तीन दिवस, दर दोन-तीन तासांनी दहा-पंधरा मिनिटं. बर्फ थेट कातडीवर कधीच नाही, मध्ये टॉवेल हवाच, कारण बर्फानेही भाजतं. याउलट सूज नसलेला, जुना, सकाळी गंजलेल्या बिजागरीसारखा आखडणारा गुडघा असेल तर गरम. उबेने स्नायू सैल पडतात, रक्तपुरवठा वाढतो, हालचाल सोपी होते. पंधरा-वीस मिनिटं पुरे. पिशवीत उकळतं पाणी नको, मनगटाला सोसेल इतकंच. पिशवी दोन-तृतीयांश भरायची, हवा काढून बूच घट्ट लावायचं, जाड टॉवेलात गुंडाळायची. आणि पिशवी घेऊन झोपायचं नाही. आईसारख्या रुग्णाने तापमान स्वतः ठरवायचं नाही, दुसऱ्याने हात लावून पाहायचं आणि दर पाच मिनिटांनी कातडी बघायची. आमच्या पिशवीने आधीच सुजलेल्या गुडघ्यातली सूज आणखी वाढवली असणार, हे त्यांनी फार सौम्यपणे सांगितलं.

मी पत्रकाराच्या सवयीने विचारलं, बर्फ नक्की बरं करतो का? त्या हसल्या. मुरगळलं की विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं, या सल्ल्याला ज्या आद्याक्षरांनी जग ओळखतं ती 1978 मध्ये अमेरिकेतले डॉक्टर गेब मर्किन यांनी आपल्या पुस्तकात जुळवली. त्याच डॉक्टरांनी 2014 मध्ये जाहीरपणे लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून येणं उलट लांबू शकतं. म्हणजे बर्फ दुखणं दाबतो, दुरुस्ती शरीरच करतं. गरमचंही तेच. झिजलेल्या गुडघ्याची झीज दोघेही भरून काढत नाहीत. ज्याने खरा फरक पडतो ते व्यायाम आणि वजन. एक किलो वजन उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असं 2005 मधल्या एका अभ्यासात दिसलं आहे. हे ऐकताना मावशीच्या हातात सीटीआरच्या बेण्णे डोशाचं पुडकं होतं. बेण्णे म्हणजे लोणी. तिने पुडकं हळूच पिशवीत सरकवलं.

एक इशारा त्यांनी दाराशी येऊन दिला. गुडघा लालभडक होऊन ताप आला, पायावर भारच टाकता येईना, सांधा मध्येच अडकला किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर बर्फ नाही, शेक नाही, थेट डॉक्टर.

आमची आठ दिवसांची सहल अठरा दिवसांची झाली. पहिले तीन दिवस अवरेकाळूची पिशवी टॉवेलात गुंडाळून आईच्या गुडघ्यावर. दाणे गुडघ्याच्या गोलाईला बर्फाच्या खड्यांपेक्षा छान बसतात, हा शोध मावशीचा. (त्या दाण्यांची नंतर उसळ झाली नाही. मी चौकशी केली.) सूज उतरल्यावर आईला तिचा लाडका शेक परत मिळाला, सकाळचा, मोजून पंधरा मिनिटं, माझ्या मनगटाच्या परवानगीने. त्यानंतर लगेच व्यायाम, सांधा सैल असतानाच. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच आकडे धरून ठेवायचा, सावकाश सोडायचा. दहा वेळा. आई आकडे कानडीत मोजायला शिकली. ओंदु, येरडु, मूरु. चौथ्याला तिचा पाय थरथरायचा.

दुसऱ्या आठवड्यात तिला सँकी तलावावर नेलं. 1882 मध्ये कर्नल रिचर्ड सँकी यांच्या काळात बांधलेला हा तलाव आज मल्लेश्वरमकरांचं अंगण आहे. सकाळी धुकं पाण्यावर असतं आणि काठाने स्वेटर-कानटोपीतली अर्धी वसाहत फिरत असते. त्यातले निम्मे लंगडतात, हे पूर्वी माझ्या लक्षात आलं नसतं. बाकावर एक आजोबा गुडघ्याला पट्टी बांधून बसले होते. आईने त्यांच्याकडे पाहून विचारलं, “मंडी नोवा?” आजोबा खुलले आणि पंधरा मिनिटं बोलले. आईला त्यातलं किती कळलं देव जाणे, पण ती मान डोलवत होती.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा काडू मल्लेश्वराला गेलो. पायात मोजे होते, देवळातही, कारण तळपायांची आता सवलत नाही. बाईंनी शिकवलं होतं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आई प्रत्येक पायरीला ते पुटपुटत चढली आणि तशीच उतरली. मग समोर नंदीतीर्थाच्या काठाशी येऊन थांबली. खाली धार पडत होती. “तू ये जाऊन,” ती म्हणाली. “मी इथूनच बघते.” मावशी खाली गेली, दोन्ही हातांच्या ओंजळीत तीर्थ घेऊन जपून पायऱ्या चढत वर आली. अक्कापर्यंत पोचेतो ओंजळीत दोन थेंबच उरले होते.