शुद्धिपत्र

परदेशगमनाचा वाद एके काळी आपल्या समाजात फार गाजला. समुद्र ओलांडून आलेल्या मनुष्यास प्रायश्चित्त द्यावे की न द्यावे, आणि दिल्यास कोणते द्यावे, याविषयी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यात जी शाई खर्च झाली तिचा हिशेब करणे कठीण आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकाच्या अभ्यासासाठी एकट्या अमेरिकेस निघाल्या, तेव्हा बंगालमधील श्रीरामपूर येथे भरसभेत उभे राहून आपण का जातो याचा खुलासा त्यांस करावा लागला. त्या सौभाग्यवती होत्या. पतीच्या संमतीनेच काय, आग्रहाने जात होत्या. तरीही खुलासा चुकला नाही. आज तो वाद कोणाच्या स्मरणातही उरलेला नाही. आमच्या गावची माणसेदेखील कामधंद्यासाठी आखाती देशांत जातात, दोन वर्षांनी परततात, आणि कोणी त्यांच्यापुढे पंचगव्याची वाटी धरीत नाही. मात्र या सार्वत्रिक सुटकेतून एक प्रवासी वगळला गेला आहे. जिच्या पोटात मूल आहे आणि गळ्यात मंगळसूत्र नाही अशी स्त्री निघाली, म्हणजे जुन्या खुलाशाची मागणी पुन्हा उभी राहते.

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने मोशी मागे टाकून इंद्रायणी ओलांडली, की चाकणच्या अलीकडे कुरुळी लागते. चाकणची कारखानदारी वाढत गेली तशी इथल्या शेतांतून भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उगवल्या. त्यांत वऱ्हाडातली, मराठवाड्यातली, उत्तर हिंदुस्थानातली तरुण मंडळी राहतात. त्यांत मुलीही पुष्कळ आहेत. पहाटे पहिल्या पाळीची बस येते तेव्हा डब्याची पिशवी घेऊन फाट्याशी उभ्या राहिलेल्या या मुली पाहिल्या, म्हणजे आपल्या समाजात केवढी उलथापालथ किती मुकाट्याने घडून येत आहे याची कल्पना येते.

आमच्या शेजारच्या रांगेतील अशीच एक मुलगी गेल्या वर्षी आमच्याकडे आली. वऱ्हाडातली, औद्योगिक शिक्षण घेतलेली, सुट्या भागांच्या एका कारखान्यात कामास. आम्ही कागदपत्रे वाचून देतो अशी आमची थोडी ख्याती आहे. तिने व्हिसाचा एक कागद पुढे केला. परंतु कागद तिला वाचता येत होता. थोडा वेळ थांबून ती म्हणाली, “काका, विमानतळावर विचारतात का हो?”

“काय विचारतात?”

“नवरा कोण म्हणून.”

तिला पाचवा महिना होता. ज्याच्याशी लग्न ठरवले होते तो तरुण मराठवाड्याचा. दुबईत फिटरचे काम करणारा. जात निराळी, म्हणून तिच्या वडिलांनी संबंध नाकारला होता. तो रजेवर येऊन गेला, आणि तो गेल्यावर हे लक्षात आले. आता त्याचे म्हणणे असे की, तिने दोन महिन्यांच्या व्हिसावर तिकडे यावे, पुढचे पुढे पाहू. पुढचे पुढे पाहू हे वाक्य पुरुषाच्या तोंडी फार सोपे असते. तो स्वतः कंपनीच्या वसाहतीत सहाजणांच्या खोलीत राहत होता. तिथे हिला ठेवणार कोठे, याचाही त्याने विचार केलेला दिसला नाही.

आम्ही चार दिवस मागून घेतले आणि कायदे चाळले. विमानतळाविषयी तिला वाटणारी भीती बहुतांशी निराधार होती. विमान कंपन्यांस महिन्यांची काळजी असते, मंगळसूत्राची नसते. सातवा महिना उलटल्यावर बहुतेक कंपन्या डॉक्टरांची चिठ्ठी मागतात आणि छत्तिसाव्या आठवड्यानंतर सहसा बसू देत नाहीत, एवढेच. धोका विमानतळावर नसून दवाखान्यात होता. जानेवारी २०१७ मध्ये अबुधाबीत एक युक्रेनी तरुणी पोटात दुखते म्हणून डॉक्टरकडे गेली. ती गरोदर असल्याचे निष्पन्न झाले. विवाहाचा दाखला दाखविता आला नाही. ती व तिचा दक्षिण आफ्रिकी वाग्दत्त वर, दोघेही अटकेत पडली आणि मार्च महिन्यात सुटली. त्यांच्या देशांतील वर्तमानपत्रांनी गवगवा केला. कुरुळीच्या खोलीतील मुलीसाठी असा गवगवा कोण करणार, हा विचार आमच्या मनातून जाईना.

तथापि सगळे मुसलमानी देश एका मापाने मोजणे हे आळसाचे लक्षण आहे. तुर्कस्तानात विवाहबाह्य संबंध हा मुळी गुन्हाच नाही. कतारच्या २००४ च्या दंडसंहितेत त्यास सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. संयुक्त अरब अमिरातीने २०२१ साली आपली दंडसंहिता नव्याने लिहिली व ती २ जानेवारी २०२२ पासून अमलात आणली. तीत सज्ञान स्त्रीपुरुषांच्या राजीखुशीच्या संबंधास निदान सहा महिन्यांची शिक्षा कायम आहे. परंतु पतीने किंवा पालकाने फिर्याद केल्याखेरीज खटला चालत नाही, आणि फिर्यादीने ती मागे घेतली तर मिटतो. मूल झाल्यास आईबापांनी विवाह करावा, अथवा दोघांनी मिळून किंवा एकट्याने त्या मुलास आपले म्हणावे व त्याचे कागद करावेत. हे न केल्यास दोन वर्षांची कैद. इंडोनेशियाने डिसेंबर २०२२ मध्ये जी संहिता मंजूर केली तिच्यातही हाच प्रकार आहे: फिर्याद जोडीदाराची, आईबापांची किंवा अपत्यांची.

या कलमांपाशी आम्ही थबकलो. ही मुलगी परक्या देशाच्या शिपायाला भीत होती, आणि कायदा म्हणत होता की शिपाई आपण होऊन येणार नाही. त्याला बोलावण्याचा हक्क वऱ्हाडातील तिच्या बापाला आहे. तो तो वापरील काय? आम्ही तिला विचारले. ती म्हणाली, “ते तर बोलतच नाहीत.” न बोलणारा माणूस फिर्याद करीत नाही असे मानावे, तर तसा भरवसा कोणी द्यावा?

आणि हे कलम वाचताना आम्हांस ते ओळखीचे वाटले, याचे कारण उघड आहे. आमच्याच १८६० च्या दंडसंहितेतील ४९७ वे कलम असेच होते. परस्त्रीशी संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार, आणि फिर्याद करावयाची ती त्या स्त्रीच्या पतीने. जणू त्याच्या गोठ्यातील जनावर कोणी सोडून नेले. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते २७ सप्टेंबर २०१८ रोजी. त्या तारखेस अमिरातीच्या नव्या संहितेला चार वर्षेही अवकाश नव्हता. तेव्हा ‘ते मागासलेले, आम्ही पुढारलेले’ असे म्हणण्याआधी पंचांग पाहावे हे बरे.

कायद्याचे राहो. रूढीचे पाहिले तर अविवाहित वा विधवा गर्भवतीचा प्रवास ही आपल्याकडे फार जुनी गोष्ट आहे. फक्त त्याला यात्रा म्हणत. घरातली बालविधवा अडचणीत आली की तिला पंढरीस किंवा काशीस नेण्याची टूम निघे. कित्येकजणी एकट्या परतत, कित्येकजणी परततच नसत. मुलाचे काय झाले हे चंद्रभागेला ठाऊक. म्हणूनच जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, आणि पंढरपुरासही १८७५ च्या सुमारास तसे गृह उभे राहिले. तीर्थक्षेत्री असे गृह लागावे यातच त्या यात्रांचा हेतू कळून येतो. फुले दांपत्याने तेथे जन्मलेल्या काशीबाई नामक ब्राह्मण विधवेच्या मुलास १८७४ मध्ये दत्तक घेतले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८८१ साली सुरतेकडील विजयालक्ष्मी या विधवेस नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल आधी फाशी व नंतर काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तेव्हा वर्तमानपत्रे स्त्रीजातीच्या नीतीवर व्याख्याने झोडू लागली. त्या व्याख्यानांना बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ च्या ‘स्त्रीपुरुषतुलने’त जे उत्तर दिले त्याची धार अद्याप बोथट झालेली नाही.

हे सारे जुने झाले असे कोणास वाटेल. २ ऑक्टोबर २०२० रोजी दोहाच्या विमानतळावरील शौचालयात, कचऱ्याच्या टोपलीत, एक नवजात मुलगी जिवंत सापडली. तिची आई शोधण्यासाठी उभ्या विमानांतून बायका उतरविण्यात आल्या आणि त्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांची शारीरिक तपासणी करण्यात आली. त्यांत ऑस्ट्रेलियाला निघालेल्या स्त्रिया होत्या म्हणून जगभर बोभाटा झाला, कतार सरकारने दिलगिरी दर्शविली. आई आशियातील एका देशाची नागरिक असून ती देश सोडून गेली असल्याचे पुढे त्या सरकारने जाहीर केले. त्या मूल टाकणाऱ्या आईविषयी मात्र कोणी फारसे लिहिले नाही. कुंतीने निदान पेटी मेणाने लिंपून घेतली होती, सोबत दाई होती, नदी वाहती होती. विमानतळाला नदी नसते.

आमचे गाव आळंदीच्या जवळचे. तेव्हा एक गोष्ट आम्हांस वारंवार आठवत राहिली. संन्यास सोडून पुन्हा संसारात आलेल्या विठ्ठलपंतांच्या चार लेकरांना आळंदीच्या ब्रह्मवृंदाने पैठणास जाऊन शुद्धिपत्र आणावयास सांगितले, असे परंपरा सांगते. त्यांचे आईबाप रीतसर विवाहित होते. तरी जन्माचा कागद हवा, आणि तोही दुसऱ्या गावच्या पंडितांच्या सहीचा. मुले पायी पैठणास गेली. रेड्याची कथा लोकांस ठाऊक असते, कारण ती अद्भुत आहे. कागदासाठी कोवळ्या मुलांना केलेली पायपीट ही अद्भुत नाही, म्हणून तिच्यावर कीर्तनकार फार वेळ थांबत नाहीत.

असो. मुलीला उत्तर द्यावयाचे होते. आम्ही तिला तीन मार्ग सांगितले. पहिला अबुधाबीचा: तेथे २०२१ च्या कायद्याने बिगरमुसलमानांस मुलकी विवाह करिता येतो. ऐकून तिला नवल वाटले, आणि ते साहजिक होते. कारण आमच्या १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवस नोटीस कचेरीच्या भिंतीवर लटकते आणि तिला कोणीही हरकत घेऊ शकतो. भीतिदायक म्हणून गाजलेल्या देशात लग्न लवकर लागते, आणि आमच्या येथे जातीबाहेर लग्न करणाऱ्यांचे नाव, पत्ता व छायाचित्र हरकतदारांच्या सोयीसाठी महिनाभर टांगून ठेवतात! पण तिकडे मुक्काम, खर्च आणि दवाखाना, तिन्ही अनिश्चित. दुसरा मार्ग, त्याने येऊन येथे हिंदू रीतीने लग्न करावे. तिसरा मार्ग आम्ही जपून सांगितला: लग्न न करता येथेच बाळंत व्हावे. येथील कायदा तिला गुन्हेगार मानीत नाही. हे सांगणे आम्हांस आवश्यक वाटले, कारण भीतीने केलेले लग्न हाही एक प्रकारचा परदेशच.

ती हसली नाही. “त्याला यायला सांगा,” एवढेच म्हणाली. दूरध्वनीवर आम्ही त्या तरुणाशी जरा कठोर बोललो. तो बिनपगारी रजा घेऊन आठ दिवसांसाठी आला. लग्न कोठे लागले असेल हे या भागातील वाचकांस सांगावयास नको; घरच्यांनी नाकारलेली जोडपी जिथे जातात त्या आळंदीतच. मंगल कार्यालयातील माणसाने वयाचे दाखले पाहिले, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. त्यांत आमचीही सही आहे. भटजींनी मुलीकडे एकदा पाहिले व मंगलाष्टके थोडक्यात आटोपली. यात त्यांचा चांगुलपणा होता की घाई, हे आम्हांस ठरवता आले नाही. नोंदणीचा दाखला पुढे मंत्रालय, परराष्ट्र खाते व अमिरातीची वकिलात अशा तीन ठिकाणच्या शिक्क्यांसाठी गेला. आम्ही तिला हेही सांगितले की, आता फिर्यादीचा हक्क बापाकडून नवऱ्याकडे आला. ती म्हणाली, “म्हणजे माझ्याकडे नाहीच.” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, व आजही नाही.

बाळंतपण तिने येथेच करण्याचे ठरविले. विमानाचा विषय मुलाच्या पासपोर्टापर्यंत पुढे गेला. लग्न ठरण्यापूर्वी, तिसऱ्या मार्गाविषयी बोलताना, आम्ही तिला एका कागदावर सर्वोच्च न्यायालयाच्या ६ जुलै २०१५ च्या निर्णयाचा सारांश मराठीत लिहून दिला होता: अविवाहित मातेने आपल्या उदरी जन्मलेल्या मुलाचा जन्मदाखला मागितल्यास तिचे प्रतिज्ञापत्र तेवढे घ्यावे व दाखला द्यावा, पित्याच्या नावासाठी तिला अडवू नये. लग्न लागल्यावर त्या कागदाचे काही काम उरले नाही, म्हणून आम्ही तो परत मागितला. तिने तो दिला नाही. घडी घालून पासपोर्टच्या वेष्टनात, विवाहाच्या दाखल्याच्या प्रतीमागे, ठेवून दिला.