माघारीला टाळ्या

2019 च्या सप्टेंबरात लेकीकडे अमेरिकेत गेलो होतो. आयोवा राज्य म्हणजे मक्याचं आणि सोयाबीनचं आगर. जावईबापूंच्या शेजारी एक सत्तरीचे शेतकरी राहतात. त्यांच्या शेडमध्ये ट्रॅक्टर, त्यापलीकडे मळणीयंत्र आणि त्याच्याही पलीकडे चक्क एक पिवळं विमान! पायपर कब त्याचं नाव. लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेलं, पुढंमागं दोनच जागा, इंजिन 65 अश्वशक्तीचं. आपल्याकडच्या मोठ्या ट्रॅक्टरएवढंच म्हणा ना!

"रविवारी आमची जत्रा आहे, या," म्हणाले. जावईबापूंनी मराठीत सांगितलं.

जत्रा गवताच्या माळावर होती. आसपासचे हौशी वैमानिक आपापली विमानं घेऊन उतरले होते. कुणी शेतकरी, कुणी मास्तर, कुणी गॅरेजवाला. बायाबापड्या गोड धिरडी करून वाढत होत्या. मग स्पर्धा सुरू झाल्या. बक्षीस म्हणाल तर एक छोटा कप.

पहिला खेळ पिठाचा. कागदी पिशवीत थोडं पीठ भरायचं, एकानं विमान चालवायचं आणि दुसऱ्यानं दारातून नेम धरून जमिनीवरच्या गोलात पिशवी टाकायची. विमान वेगात असतं, त्यामुळं पिशवीही पुढं जात जात पडते. म्हणून गोल येण्याआधीच सोडावी लागते. बहुतेकांची पिशवी गोल ओलांडून फुटली. हशा पिकला. पीठ वाया गेलेलं पाहून माझा जीव मात्र चुकचुकला.

दुसरा खेळ खरा कसाचा. गवतावर फक्कीची पांढरी रेघ मारलेली. वर हजारेक फुटांवर इंजिन अगदी मंद करायचं आणि तसंच तरंगत येऊन रेघेच्या पुढं, जितकं जवळ जमेल तितकं जवळ चाकं टेकवायची. रेघेच्या अलीकडं टेकली की बाद. का, तर उद्या खरंच इंजिन बंद पडलं आणि एखाद्या शेतात उतरायची वेळ आली, तर अलीकडं कुंपण असेल, तारा असतील. खेळ दिसतो, पण ती संकटाची तालीम आहे.

आमचे शेजारी शेवटी आले. गेल्या वर्षीचा कप त्यांचाच. विमान सरळ रेघेवर येत होतं. एवढ्यात वारा फिरला आणि विमान खचलं. रेघ थोडक्यात हुकणार हे मलाही दिसलं. नाक उचलून विमान थोडं ओढता येतं म्हणे. पण तसं करताना वेग मोडला, की पंख हवा धरत नाहीत आणि विमान दगडासारखं खाली येतं. म्हाताऱ्यानं ओढलं नाही. इंजिन मोठं केलं आणि विमान पुन्हा वर नेलं. म्हणजे स्पर्धेतून बाद!

मला वाटलं, आता लोक हसणार. पण साऱ्या माळानं टाळ्या वाजवल्या. जिंकणाऱ्यालाही तेवढ्या मिळाल्या नव्हत्या.

मंडळी, त्या टाळ्या मला टोचल्या. 2016 च्या पावसाळ्यात ओढ्याच्या फरशीवरून पाणी वाहत होतं. माझा थोरला खताची ट्रॉली घेऊन परत फिरला. पारावर चार माणसांत मी म्हणालो, "पोरात दमच नाही." तो काही बोलला नाही. पुढच्या वर्षी तसंच पाणी असताना त्यानं ट्रॅक्टर घातला. ट्रॉली फरशीवरून घसरून ओढ्यात गेली. दैव बलवत्तर, म्हणून पोर हाती लागलं. तेव्हाही मी ट्रॉलीच्या नुकसानीवरूनच बोललो. त्याला पाण्यात कुणी ढकललं, हे मला ठाऊक होतं. ते कबूल करायला तोंड उघडत नव्हतं.

त्या रात्री आठ वाजता घरी फोन लावला. आपल्याकडे सकाळचे साडेसहा, धारेची वेळ. मागून म्हशीचा आवाज येत होता. म्हणालो, "बाळा, पहिल्या वर्षी तू फरशीवरून परत फिरलास, ते बरोबर होतं. चुकलं ते माझं."

बराच वेळ नुसती बादलीत धार वाजत राहिली. मग तो म्हणाला, "आबा, तिकडं थंडी पडली का? अंगावर घेत जावा."