वर्षाआड

'ब्रँड' हा शब्द आमच्या घरात शिरला तो आंब्याच्या पेटीवरून. तोवर ब्रँड म्हणजे साबण, चहा, फार तर रेडिओ, एवढीच माझी समज. आंब्याला नाव असायचं ते झाडाचं... विहिरीकडचा, वाकडा, गोठ्यामागचा. आमच्या यांच्या वेळी लाकडी पेटीवर काळ्या रंगाने दोन अक्षरं उमटवलेली असत. ती मुंबईच्या गाळ्यावर पेटी कोणाची हे कळावं एवढ्यापुरतीच. खाणाऱ्याला त्या अक्षरांशी काही देणंघेणं नव्हतं. हंगाम संपला की पट्टी येई. तीत हमाली, भाडं, दलाली वजा होऊन जे उरेल ते आपलं.

आता बाग पुतण्या बघतो. तीन वर्षांपूर्वी त्याने दलालाचा रस्ता सोडला आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातून थेट गिऱ्हाइकाला आंबा पाठवायला सुरुवात केली. पुण्याचा माझा मुलगा आणि सून व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी घेतात, इन्स्टाग्रामवर फोटो टाकतात. पैसे आधीपेक्षा बरे सुटतात, हे मान्य करायलाच हवं. गेल्या वर्षी पुतण्या माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काकू, खोक्यावर काकांचं नाव आणि फोटो टाकूया का? लोकांना गोष्ट लागते."

मी लगेच हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. दोन दिवस विचार करत बसले.

तसं पाहिलं तर 'हापूस' हेही एक ब्रँडच की! आणि तेसुद्धा एका परक्या माणसाच्या नावाचं. 1510 मध्ये गोवा जिंकणारा पोर्तुगीज आफोंसो द आल्बुकर्क, त्याच्या नावावरून आफूस आणि मग आपल्या तोंडी हापूस झाला. ज्याने नाव दिलं त्याला आज कोकणात कोणी ओळखत नाही, पण त्या नावावर आपली घरं चालतात. 2018 मध्ये या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यालाच हापूस म्हणायचं, असा त्याचा अर्थ. मला यातली एक गोष्ट फार आवडते. हे मानांकन कोणा एकाच्या मालकीचं नसतं, ते सगळ्या मुलखाचं असतं. त्यामुळे एकाने बाहेरचा आंबा आपल्या पेटीत भरला, तर नाव सगळ्यांचं जातं.

आणि हापूसची आणखी एक खोड आहे, साका. वरून फळ सोन्यासारखं, वासही तसाच, आणि कापलं की आत पांढरट, आंबट गर. बाहेरून कितीही निरखलं तरी कळत नाही. लाकडी पेटीच्या दिवसांत साका निघाला तर लोक बाजाराला शिव्या देत. आता खोक्यावर यांचं नाव असणार, म्हणजे शिव्या यांना बसणार! जो माणूस डागी फळसुद्धा शेजारी देताना "यातलं निवडून घ्या हो" असं सांगायचा, त्याच्या नावाला.

म्हणून मी पुतण्याला सांगितलं, नाव घाल, फोटो नको. पण नाव घालायचं तर दोन गोष्टी पाळायच्या. साका निघाला असं कोणी कळवलं तर वाद न घालता बदली फळ द्यायचं. आणि आपल्या बागेतला आंबा संपला की 'संपला' म्हणायचं, दुसऱ्याचा आणून आपल्या खोक्यात भरायचा नाही. पहिली अट त्याने लगेच मानली. दुसरीवर जरा घुटमळला, पण मानली.

हे झालं ब्रँडचं. माझी खरी काळजी वेगळीच होती.

मे महिन्यात मुलगा, सून आणि नात दहा दिवस येतात. मला हजेरी घ्यायची जुनी सवय. मागच्या मे महिन्यात मी मनातल्या मनात मोजलं. दहा दिवसांत घरातली सगळी माणसं एका पंगतीला बसली ती फक्त दोनदा. एकदा वीज गेली होती म्हणून! बाकी वेळी मुलगा ओटीवर लॅपटॉप घेऊन कंपनीचं काम करतोय, सून पत्ते लिहून घेतेय, पुतण्या कुरिअरवाल्याशी बोलतोय. नात भाट्याच्या किनाऱ्यावर जायचं म्हणून चपला घालून पायरीवर बसलेली. मी आंबापोळी घालायला बसले तर त्याचंही चित्रण. "आई, परत एकदा पसरवा ना, हात नीट दिसला नाही." मी पसरवली. चित्रण छान झालं म्हणतात, पुष्कळ लोकांनी पाहिलं. नातीने मात्र त्या दिवशी माझ्याकडून आंबापोळी शिकायची होती, ते राहूनच गेलं.

'आमच्या वेळी असं नव्हतं' हे वाक्य मी लिहिणार नाही. आमच्या वेळची मेची सुट्टी म्हणजे मुंबईचे चाकरमानी, खळ्यात ओळीने झोपलेली पोरं, दुपारी पत्ते, रात्री भुताच्या गोष्टी. गोड आठवणी आहेत. पण ती सुट्टी कोणाची होती? पोरांची आणि पुरुषांची. मला शाळेची सुट्टी असायची आणि मी पहाटेपासून रात्रीपर्यंत चुलीपुढे असायची. पंचवीस माणसांचा स्वयंपाक म्हणजे कामच, त्याला पगार नव्हता एवढंच. तेव्हा सुनेला "फोन ठेव" सांगण्याआधी मी हे स्वतःशी आठवून घेते.

शिवाय मुलाचंही खरं आहे. तो म्हणतो, "आई, आंबा थांबत नाही. दीड-दोन महिन्यांत विकला नाही तर वर्ष गेलं." तिकडे त्याच्या क्षेत्रात तर हवाच वेगळी. 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं असं म्हटलं, तर 2025 च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं 90 तासांचं बोलणं गाजलं. उलट फ्रान्समध्ये 2017 पासून कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलपासून दूर राहण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. आपल्याकडेही सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत तसं खाजगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. कायदा होईल तेव्हा होवो, आपल्या घरापुरता नियम आपणच करायला काय हरकत आहे?

तो नियम मला सुचला तो बागेतूनच. हापूसचं झाड मुळात वर्षाआड फळतं. एक वर्ष लगडतं, दुसऱ्या वर्षी हात आखडता घेतं. पालवी काढतं, अंगात ताकद भरून घेतं. माणसाला हे परवडेना, म्हणून पावसाळ्यात बुंध्याभोवती औषध घालायची पद्धत आली. बागायतदार त्याला सरसकट कल्टार म्हणतात. त्याने पालवीची वाढ आटोक्यात राहते आणि दरवर्षी मोहोर येतो. पण पुतण्याच सांगतो, "काकू, औषध घातलं की खतपाणीही वाढवावं लागतं. नुसतं घेत राहिलं तर झाड खचतं." हे त्याला झाडाचं बरोबर कळतं!

मग एका रात्री जेवताना मी तिघांनाही त्याचंच वाक्य ऐकवलं. दरवर्षी फळ घ्या, मी नाही म्हणत नाही. पण खत कुठे घालताय? थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग सूनच म्हणाली, "दिवेलागणीनंतर ऑर्डर घ्यायची नाही, असं ठरवूया?"

यंदा ते पाळलं. आठ-दहा गिऱ्हाइकं नक्की गेली असतील. मेच्या तिसऱ्या आठवड्यात पुतण्याने 'यंदाचा आंबा संपला' असं लिहून टाकलं, तेव्हा मागणी अजून होती आणि त्याच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. मला वाईट वाटलं, कारण कर्ज त्याच्या डोक्यावर आहे, माझ्या नाही. मुलगा मात्र अजून दोनदा दिवेलागणीनंतर माडीवर जाऊन हळूच फोनवर बोलताना सापडला. ते कंपनीचं काम होतं, तिथे माझा नियम चालत नाही.

पण दहा दिवसांत यंदा पंगत सहा वेळा बसली. आंबापोळी नातीने घातली, जाड-पातळ झाली, एका कोपऱ्याला भोक पडलं. तिचा फोटो कोणी काढला नाही. तिनेच ती खाऊन टाकली.

तुमच्या घरी कसं जमवता तुम्ही?