राजा गेला, गादी कुणाची?

1962 ते 2021 या काळात जेम्स बाँडच्या मुख्य मालिकेत 25 चित्रपट आले आणि बाँड झाले सहा जण. कॉनरी, लॅझेनबी, मूर, डाल्टन, ब्रॉस्नन, क्रेग. शेवटच्या चित्रपटात तर बाँड चक्क मरतो, तरी पुढचा बाँड कोण ही चर्चा सुरूच! म्हणजे माणूस बदलतो, भूमिका टिकते. पण सहाही जण गोरे. 2006 मध्ये बाँडचा मित्र फेलिक्स लायटर जेफ्री राइट या काळ्या नटाने केला, 2012 मध्ये मनीपेनी नाओमी हॅरिसने. बाजूच्या खुर्च्या मिळाल्या, मधली नाही. इद्रिस एल्बाचे नुसते नाव निघाले तरी अनेकांना बाँडचा ‘मूळ’ रंग आठवला. ही भाषा आपल्या ओळखीची आहे.

आता दुसरे उदाहरण बघा. 2018 मध्ये ‘ब्लॅक पँथर’ आला. कधीच गुलाम न झालेला वाकांडा देश आणि त्याचा राजा टी’चाला, म्हणजे चॅडविक बोझमन. पँथर हा शब्द आपल्याला परका नाही. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पार्टीपासून प्रेरणा घेऊनच 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आमच्या अभ्यासिकेतली पोरे चित्रपट पाहून आली तेव्हा मारामारीबद्दल कमीच बोलली. एक जण म्हणाला, “दादा, यात त्याला कुणी विचारतच नाही, तू इथे कसा?”

ऑगस्ट 2020 मध्ये बोझमन कर्करोगाने गेला. मार्व्हलने ठरवले, टी’चालाची भूमिका दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. अनेक चाहत्यांनी भूमिका पुन्हा भरा अशी मोहीम चालवली. 2022 च्या चित्रपटात टी’चालाही मेला आणि पँथरचा वारसा बहीण शुरीकडे गेला.

सहकाऱ्यांचे दुःख खरे होते. एका स्त्रीने ती जबाबदारी पेलली याचे मोलही आम्ही कमी लेखत नाही. पण प्रश्न उरतोच. गोऱ्या नायकाला सहा नट मिळतात आणि काळ्या राजाची भूमिका पहिल्याच नटासोबत पुरली जाते, याला आदरांजली कसे म्हणायचे? भूमिका ही संस्था असते. पुढच्या पोरांनी त्या जागेवर आपला हक्क सांगायचा असतो.

25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या विभूतिपूजेचा धोका सांगितला होता. ते इथेही लागू पडते, आणि आपल्या चळवळीलाही. नेता गेला की त्याचा फोटो लावायचा, हार घालायचा आणि त्याचे काम रिकामे ठेवायचे, ही सवय आपल्यातही आहे. फोटो जरूर लावा. पण त्याखालची खुर्ची रिकामी ठेवू नका.