मीठ वेगळं, क्षार वेगळे

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे दहावीपर्यंत माझ्यासाठी सगळंच 'सॉल्ट' होतं. वरणातलं मीठ सॉल्ट, तुरटी सॉल्ट आणि मोरचूदसुद्धा सॉल्टच! मराठीत मात्र यासाठी दोन शब्द आहेत. ताटात वाढतात ते मीठ, आणि बोअरच्या पाण्यामुळे बादलीवर पांढरे डाग पडतात ते क्षार. कुठलीही आजी यात गल्लत करणार नाही. या दोन शब्दांत केवढं अंतर आहे, ते मला केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये नाही, तर गडचिरोलीला मामाच्या घरी कळलं.

झालं असं, की मामाच्या मुलाने 'फाइंडिंग निमो' हा सिनेमा पाहिला आणि घरात समुद्र हवा असा हट्ट धरला. मामाही हौशी! शंभर लिटरची काचेची टाकी आली, दिवे आले, पंप आला. रंगीत मासे आणि जिवंत प्रवाळ ठेवायचं ठरलं. राहिला तो फक्त समुद्र. त्यासाठी बाजारात तयार 'सॉल्ट मिक्स' मिळतं, तेही अनेक कंपन्यांचं. "तू इंजिनिअर होऊन राहिली ना, मग तूच सांग कोणतं आनाचं," असं म्हणून मामाने काम माझ्या गळ्यात टाकलं. मी इलेक्ट्रॉनिक्सची! पण सबमिशन लिहिण्यापेक्षा हे बरं, म्हणून मी हो म्हटलं.

आजीने पहिला आक्षेप घेतला. "घरात मीठ असताना येवढं महागाचं मीठ काहून आनाचं वो पोरी?"

मित्रांनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गडचिरोलीच्या जंगलात सगळं मिळतं. मोह, चारोळी, तेंदू, मध, बांबू. मिळत नाही ते एक मीठच. समुद्र इथून कुठल्याही बाजूने चारशे किलोमीटरच्या पलीकडे. त्यामुळे मीठ नेहमी बाहेरून आलं आणि ते आणणाऱ्याने त्याची किंमत वसूल केली. भामरागड-एटापल्लीकडे व्यापारी मिठाच्या बदल्यात चारोळी घेऊन जात, हे जुनी माणसं आजही सांगतात. चारोळीचा शहरातला भाव काय आणि मिठाचा काय, विचार करा! मिठासाठी जास्त मोजायचं म्हटलं की आजीच्या पिढीला संशय येतो, तो उगाच नाही.

तरीही आजीला उत्तर द्यायला हवं होतं. ते असं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातलं आपलं नेहमीचं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, सुमारे २७ ग्रॅम. उरलेल्या आठ ग्रॅममध्ये मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट असे बाकीचे सगळे येतात. कॅल्शियम तर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. पण प्रवाळाचा सांगाडा त्याच कॅल्शियमचा बनतो. नुसत्या मिठाच्या पाण्यात चव समुद्राची येईल, पण जीव जगणार नाही.

१८८० च्या दशकात लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाच्या डॉक्टरांनी बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात ठेवून प्रयोग केले. नळाच्या पाण्यात केलेल्या द्रावणात हृदय चालू राहायचं आणि शुद्ध पाण्यातल्या द्रावणात लवकर बंद पडायचं. कारण नळाच्या पाण्यात थोडं कॅल्शियम होतं! जुलाबावर आपण ओआरएसचं पाकीट देतो, त्यातही मिठाबरोबर साखर, पोटॅशियम आणि सायट्रेट मोजून घातलेलं असतं. आजीला मी हेच उदाहरण दिलं. आशाताई पाकीट देताना बजावते ना, की अर्धं वापरू नका, अख्खं एक लिटर पाण्यात टाका? तसंच हे. आजीला पटलं.

दुसरी गंमत प्रमाणाची. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' नावाचं जहाज जगभरचे समुद्र धुंडाळून आलं. त्याने आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष मांडला. खारटपणा कुठे कमी, कुठे जास्त, पण मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळजवळ सगळीकडे सारखं! तयार मिक्सचा धंदा याच नियमावर उभा आहे. प्रमाण ठरलेलं आहे म्हणून तर समुद्र बादलीत भरून विकता येतो.

मग सगळ्या बादल्या सारख्याच का नसतात? कारण काही कंपन्या मुद्दाम प्रमाण बदलतात. रेड सी या एकाच कंपनीच्या दोन बादल्या बघा. निळ्या बादलीतल्या मिक्सची अल्कलिनिटी नैसर्गिक समुद्राच्या जवळपास, म्हणजे साधारण ८ डीकेएच. काळ्या बादलीतल्या 'कोरल प्रो'ची सुमारे १२, आणि कॅल्शियमही जास्त. भराभर वाढणारे प्रवाळ हे क्षार शोषून घेतात, त्यांच्यासाठी ती काळी बादली. प्रवाळ नसतील तर ते जास्तीचे क्षार वापरणार कोण? ते हीटरवर आणि पंपावर थर होऊन बसणार.

म्हणजे टाकीत कोण राहणार ते ठरल्याशिवाय मीठ ठरत नाही. आणि इथेच आमचं घोडं अडलं.

आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्याच अनुसूचीत वाघ आहे! ताडोबाच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला याहून जास्त समजावण्याची गरज नाही. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत, विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँकवर तर मोठं प्रवाळ बेट पाण्याखाली आहे. तिथला तुकडा कोणी 'स्वस्तात देतो' म्हणाला, तर ते वाघाचं कातडं घेण्यासारखंच आहे. 

दुसरी अडचण आपल्या उन्हाची. प्रवाळाला २५-२७ अंश तापमान लागतं. मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीकडे पारा ४५ च्या पुढे जातो. पाणी थंड ठेवायचं यंत्र बसवता येईल, पण पावसाळ्यात वादळाने लाइन गेली की रात्र रात्र येत नाही. अशा वेळी पंप बंद, प्राणवायू कमी, आणि सकाळी काय दिसेल ते सांगायला नको. बरं, उन्हाळ्यात पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. म्हणून रोजची तूट गोड्या पाण्याने भरावी लागते, खाऱ्या नाही. हे रोज कोण करणार? निमोवाला मुलगा सात वर्षांचा आहे!

मी मामाला सरळ सांगितलं, "मामा, प्रवाळ राहू द्या समुद्रातच. क्लाउनफिशची जोडी ठेवा, पण समुद्रातून पकडलेली नको, पैदास केंद्रातली घ्या." केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे क्लाउनफिशची पैदास यशस्वी केलेली आहे, त्यामुळे निमोसाठी कुठलाही निमो पळवून आणायची गरज नाही. मामा थोडा वेळ गप्प बसला. प्रवाळासाठी घेतलेल्या महागड्या दिव्यांकडे त्याने एकदा पाहिलं आणि म्हणाला, "बरोबर आहे तुझं. जीवाचा खेळ नको."

त्यानंतर मिठाची निवड दहा मिनिटांत झाली. नैसर्गिक प्रमाणाचं साधं मिक्स, आणि नागपूरहून वर्षभर न चुकता मिळेल तेच. सुरुवातीला सुमारे साडेतीन किलो, नंतर दर पंधरा दिवसांनी दहा लिटर पाणी बदलायला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. बोअरचं पाणी अजिबात नाही, कारण त्यात आधीच स्वतःचे क्षार असतात आणि आपला सगळा हिशेब चुकतो. आरओचं पाणी घ्यायचं, मीटरने तपासायचं, पाण्यात मीठ हळूहळू टाकायचं. मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियम गोठून पाणी दुधासारखं होतं. ही यादी मी फ्रिजवर चिकटवून आले आहे.

एक गोष्ट मात्र तेव्हापासून डोक्यात घोळते. आपण म्हणतो, मीठ समुद्राकडून गडचिरोलीला येतं. पण प्रवाळाला लागणारं कॅल्शियम समुद्रात कुठून आलं? बरंचसं नद्यांनी नेलेलं. पाऊस खडक झिजवतो, ओढे ते विरघळलेले क्षार वैनगंगेत आणतात, वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, सिरोंचाला ती गोदावरीत मिसळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. मीठ आपण विकत घेत आलो, चारोळी देऊन घेतलं, पैसे देऊन घेतलं. क्षार मात्र आपलं जंगल समुद्राला रोज फुकट देत असतं, आणि त्याची पावतीसुद्धा मागत नाही!